ओट्याची माती

पौर्णिमेच्या उधाणाला उघाडीची खालची फळी सुटली आणि भर दुपारी मिठागरात समुद्र शिरला.

उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीला हवं तेवढं पाणी आत घ्यायचं, पुरे झालं की फळ्या खाली सोडायच्या. त्या दाराची सात वर्षं कुणी डागडुजी केली नव्हती. फळी सुटली ती एकटी गेली नाही, बाजूचा दहा-बारा हात बांधही घेऊन गेली. थोरली तेव्हा शेवटच्या वाफ्यात लाकडी दाताळं ओढत होती. वाफ्याच्या तळाशी मीठ धरलं होतं, आणखी तीन दिवसांनी ओढायला आलं असतं. आधी तिला पायाच्या घोट्याला गार लागलं. मग वाफ्याची वीतभर उंचीची कड दिसेनाशी झाली. ती दाताळं टाकून धावली, पण धावून करायचं काय? पाणी गुडघ्याएवढं आलं आणि सोळाच्या सोळा वाफे एक झाले. महिनाभर उन्हात राखलेलं मीठ डोळ्यांदेखत विरघळलं.

थोरली म्हणजे आबांची मोठी सून. धाकटा मुलगा आणि धाकटी सून शहरात निघून गेले त्याला चार वर्षं झाली. आता घरात सून एकच होती, तरी नाव थोरलीच राहिलं. तिचा नवरा दिवसाला दहा शब्द बोलला तर खूप, म्हणून वस्ती त्याला घुम्या म्हणायची. त्यानं काही न बोलता फावडं उचललं आणि ओहोटी लागल्याबरोबर बांधाच्या बाहेरच्या चिखलात उतरला. पहिलं ढेकूळ निघालं न निघालं तोच चौकीदार काठी आपटत आला.

"ए, थांब. माती काढायची नाही."

"बांध फुटलाय, दिसत नाही?" थोरली म्हणाली.

"दिसतंय. पण जमीन केंद्राची आहे. परवानगीशिवाय ढेकूळ हलवलं तरी गुन्हा. दोन वर्षं झाली हुकूम येऊन."

"मग पाण्यालाही सांगा ना, परवानगीशिवाय शिरू नको म्हणून."

चौकीदाराला हसू आलं होतं, ते त्यानं मिशीत दाबलं. "मला वरून सांगितलंय, वहिनी."

तो वर म्हणाला की आकाशाकडे बघायचा. तिथं सगळेच तसं करायचे. मुलूख केंद्राचा होता. त्याला स्वतःचा मुख्यमंत्री नव्हता, विधानसभा नव्हती. राजधानीतून एक प्रशासक यायचा, दोन वर्षं राहायचा, हवा मानवली नाही की जायचा. राजधानी आगगाडीनं तीन दिवसांवर होती. मिठागराची जमीन केंद्राची, ठेका ठेकेदाराचा आणि त्याच्याकडून वाफे घेऊन राबणारी पंधरा घरं. आबा म्हणायचे, जमीन त्यांची, कागद ह्याचा, कंबर आपली.

दुसऱ्या दिवशी थोरली अर्ज घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेली. तीन कोस चालत. मिठागरात राबणाऱ्याच्या पायाला चिरा असतात आणि चिरांत मीठ असतं. ते वाळलं की पांढरं होतं आणि पावलागणिक भुरभुरतं. कचेरीची फरशी नवी होती, काळी, आरशासारखी. ती टेबलापर्यंत पोचेस्तोवर मागे पांढऱ्या पावलांची रांग उमटली.

"अगं बाई, हे काय केलंस?" शिपाई ओरडला.

कारकुनानं चष्म्यावरून बघितलं. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं अर्ज वाचला, शिक्का मारला आणि सवयीनं सांगितलं, "हा इथून प्रशासकांकडे जाईल. तिथून राजधानीत मीठ खात्याकडे. खातं महसुलाला विचारेल, महसूल किनारा विभागाला."

"किती दिवस लागतील?"

"आधीच्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही."

"आधीचा कधीचा?"

"मी नोकरीला लागलो त्याच्या आधीचा."

"अमावास्येला पुन्हा उधाण येईल. तेव्हा बांध उघडा राहिला तर हंगाम संपला. मी साहेबांनाच भेटते."

"साहेब राजधानीत गेलेत. म्हणजे त्यांच्या घरी गेलेत."

शिपायानं फडकं आणून तिच्यापुढं टाकलं. फरशीकडे नुसतं बोट केलं. बाकावर आठ-दहा माणसं बसली होती. थोरली खाली बसली आणि आपलीच पावलं पुसत पुसत मागं सरकू लागली. कानशिलं तापली होती. एक म्हातारा पाय वर घेऊन बसला, तिला नीट पुसता यावं म्हणून. दारापाशी पोचली तेव्हा भिंतीवरचा कागद तिच्या नाकासमोर आला. शाळा तिनं पाचवीत सोडली होती, पण अक्षर सुटलं नव्हतं. तिनं बसल्या बसल्याच वाचलं. ह्या प्रदेशाला राज्याचा दर्जा द्यावा की देऊ नये, यावर लोकांचं म्हणणं ऐकायला समिती येणार होती. बाजाराच्या शेडमध्ये. अमावास्येच्या दोन दिवस आधी. ज्यांना बोलायचं असेल त्यांनी कचेरीत नाव द्यावं.

ती उठली, फडकं शिपायाच्या हातात दिलं आणि पुन्हा टेबलाकडे गेली. पुन्हा पावलं उमटली.

"माझं नाव लिहा."

कारकून हसला. "तिथं वकील येणारेत बाई, प्राध्यापक येणारेत."

"येऊ देत. लिहा."

"बाजूनं की विरुद्ध? रकाना आहे."

थोरली घुटमळली. घरी आबा होते, राज्याच्या विरुद्ध. "ते तिथंच सांगेन," ती म्हणाली.

परत येताना ती शिपायाकडं वळून म्हणाली, "आता तू पूस," आणि पायरी उतरली.

*

नाव दिल्याचं तिच्या आधी वस्तीत पोचलं होतं. संध्याकाळी ठेकेदाराची जीप दारात उभी राहिली. पांढरा सदरा, गळ्यात चष्म्याची दोरी. राज्य मिळावं म्हणून मुलूखभर सभा घेणाऱ्यांत तो पुढं होता. तो ओट्यावर आबांच्या बाजेशेजारी बसला. पाण्याचा तांब्या तोंडाला न लावता बाजूला ठेवला.

"वहिनी, यादीत तुमचं नाव बघितलं. मन भरून आलं. मिठागरातली बाई बोलणार! मी लिहूनच आणलंय, पाठ करा." त्यानं घडी घातलेला कागद पुढं केला. "आपलं राज्य, आपले मंत्री, आपला कारभार. अहो, फळी बदलायला राजधानीला विचारायचं म्हणजे काय!"

"खरं आहे तुमचं," थोरली म्हणाली आणि तिला ते खरंच वाटत होतं. "मग बांधाला माणसं कधी लावताय?"

"बांधाला हात लावायचा नाही."

"म्हणजे?"

"समितीला मी इथं आणणार आहे. जखम बघितल्याशिवाय डॉक्टर औषध देतो का? फुटका बांध, बुडालेले वाफे, शेजारी तुम्ही उभ्या. वर्तमानपत्रात फोटो येईल."

"आणि अमावास्येचं उधाण?"

"एक हंगाम जाईल वहिनी. राज्य कायमचं मिळेल."

"हंगाम कुणाचा जाईल?"

ठेकेदारानं आबांकडे बघून डोळा मिचकावला, जणू सून लाडकी आहे आणि तिचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं. जीप गेली. मागं धुरळा राहिला.

"बघितलंस?" आबा म्हणाले. "हा उद्या मंत्री होणार. तुला हवं असलेलं राज्य ते हेच."

"आबा, पण आज तरी कोण आहे? चौकीदार म्हणतो माती काढू नका, हा म्हणतो बांध घालू नका. दोघांचं एकच म्हणणं, बुडा."

"आज निदान ह्याच्यावर कुणीतरी आहे. तुझं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. ह्याच्या बापानं वस्तीच्या पाण्याच्या टाकीला कुलूप घातलं होतं. अठरा दिवस. तुझी सासू दोन कोसांवरून हंडा आणायची, त्यातच तिच्या पोटातलं गेलं. मी राजधानीला पत्र लिहिलं. लिहिलं म्हणजे मास्तरांकडून लिहून घेतलं. महिन्यानं एक साहेब आला. इथला नव्हता, म्हणून ह्याच्या बापाचा मिंधा नव्हता. स्वतः उभं राहून कुलूप तोडलं त्यानं. इथला असता तर ह्याच्या बापाच्या ओट्यावर चहा पिऊन गेला असता."

थोरलीनं ही गोष्ट पन्नास वेळा ऐकली होती, पण पोटातलं गेल्याचं आबा आजवर बोलले नव्हते. तिनं पाण्याचा तांब्या उचलून त्यांच्या हाताशी ठेवला. मग म्हणाली, "तो साहेब भला होता, आबा. पण तो एक होता. त्याच्यामागून बारा आले. त्यातल्या एकाचं तरी तोंड बघितलंत?"

"लांबचा धनी परवडतो, सूनबाई. जवळचा रोज छातीवर बसतो."

"जवळचा असला तर त्याला खाली तरी ओढता येईल. लांबच्याला काय ओढणार, हात पोचत नाही."

आबांनी तोंड फिरवलं. घुम्या दारात बसून दाताळ्याचा मोडका दात बसवत होता. त्यानं वर न बघता विचारलं, "माती कुठली आणायची?"

बाहेरची माती काढायची बंदी. आतली माती म्हणजे वाफ्यांचाच तळ, ती उकरली तर मीठ पिकायचं नाही. थोरलीची नजर हळूहळू ओट्यावर आली. भर उधाणातही घरात पाणी शिरू नये म्हणून आबांनी तो कमरेएवढा उंच केला होता. तीन उन्हाळे लागले होते. सासूनं डोक्यावरून माती वाहिली होती. चिकण, घट्ट, पायांनी मळून बसवलेली. थोरलीला ते बोलायचं धाडस झालं नाही.

सकाळी ती उठली तेव्हा बाज अंगणात होती. आबांनी ती एकट्यानं ओढत नेली होती आणि तिच्यावर बसून खोकत होते.

"खालपासून खणू नका," ते म्हणाले. "वरून थर काढा. खालून काढलात तर भिंत येईल अंगावर."

"आबा..."

"राज्यासाठी देत नाही. बांधासाठी देतोय. मला फसवू नकोस नंतर."

*

भरती कमी असण्याचे ते दिवस होते. ओहोटीला चार-साडेचार तास मिळायचे, तेवढ्यात काय होईल ते. घुम्या ओट्याचा थर सुटा करायचा, थोरली टोपली भरायची, डोक्यावर घ्यायची आणि दोनशे पावलं चालत बांधावर टाकायची. पहिल्या दिवशी तिनं खेपा मोजल्या, बत्तिसाला सोडून दिलं. मान खांद्यांत रुतून बसली. पांढऱ्या वाफ्यांवरून उन्हाचा झोत उलटा यायचा, डोळे सारखे गळायचे. घरी येऊन पाठ टेकली की पायाच्या पोटऱ्या आपोआप उडायच्या. घुम्या न सांगता त्यांवर तेल चोळायचा आणि चोळता चोळता बसल्या जागी झोपायचा.

दुसऱ्या दिवशी चौकीदार आला. "ही माती कुठली?"

"आमच्या ओट्याची."

"ओटा केंद्राच्या जमिनीवर आहे."

"ओटा जमिनीवर आहे, जमिनीत नाही. जमिनीला लागलो की थांबू. मोजपट्टी आणा."

चौकीदारानं फुटलेल्या बांधाकडे बघितलं, तिच्या मानेकडे बघितलं. "मी जेवायला चाललोय," तो म्हणाला. सकाळचे नऊ वाजले होते. त्या दिवसापासून त्याचं जेवण ओहोटी संपेपर्यंत चालायचं.

तिसऱ्या दिवशी शेजारीण आली. तिचा आवाज असा, की वस्तीत तिला तोफ म्हणायचे. कमरेवर हात ठेवून ती बांधावर उभी राहिली. "काय गं, तुझा ओटा तेवढा ओटा आणि आमचा काय उकिरडा? बांध तुझ्या एकटीचा आहे काय? विचारायला तोंड नव्हतं?"

"ठेकेदारानं सांगितलंय हात लावू नका. तुमच्या अंगाशी येईल म्हणून नाही विचारलं."

"त्यानं मलाही सांगितलंय. मी म्हटलं, हो हो. हो म्हणायला काय जातं?" आणि तिनं मागं वळून हाक दिली, ती वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत गेली.

पंधरांतली आणखी नऊ घरं आली. पाच आली नाहीत. त्यांपैकी दोन ठेकेदाराच्या नात्यातली होती, तीन नुसती घाबरली होती. नऊ घरांचे ओटे उतरले, वस्ती अचानक ठेंगणी दिसायला लागली. बायका रांगेनं उभ्या राहून टोपल्या हातोहात पुढं द्यायच्या, पुरुष खुंट ठोकायचे. आबा बांधावर बसून सूचना करायचे. "पाय द्या, पाय. माती टाकून बांध होत नाही, तुडवून होतो. टाच आधी. बोटांनी नाचायला तमाशा आहे काय?"

उघाडीच्या फळीचा प्रश्न उरला होता. तेवढी रुंद, जाड फळी कुणाकडे नव्हती. सुनावणीच्या आदल्या दिवशी थोरली बांधावरून परतली तर घराला दार नव्हतं. घुम्यानं बिजागऱ्या काढून दार पाठीवर घेतलं होतं. दारात पोतं लटकत होतं.

"अहो, हे काय?"

"दाराला दार," घुम्या म्हणाला. त्या दिवशीचं त्याचं बोलणं तिथंच संपलं.

*

बाजाराच्या शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, पण पुढच्या रांगा आधीच भरलेल्या. मिठागरवाले मागं, माशांचे हारे ठेवतात तिथं उभे, आबाही त्यांच्यातच. समितीत तीन माणसं होती. मधे केस पिकलेल्या एक बाई, निवृत्त न्यायाधीश. त्यांच्या टेबलावर घड्याळ होतं, प्रत्येकाला तीन मिनिटं.

वकील बोलला, प्राध्यापक बोलला. एक निवृत्त अधिकारी विरुद्ध बोलला, म्हणाला, लोकांना स्वतःचा कारभार झेपेल अशी अजून तयारी नाही. शेड गुरगुरली. मग ठेकेदार उठला. त्याचा आवाज मात्र देवानं दिलेला होता.

"बाईसाहेब, इथून तीन कोसांवर चला. केंद्राच्या बेपर्वाईनं फुटलेला बांध आज बारा दिवस तसाच उघडा पडलाय. परवा उधाण आहे. पंधरा कुटुंबं हताश बसलीत. आम्ही गाड्या तयार ठेवल्यात."

टाळ्या पडल्या. तिचं नाव पुकारलं तेव्हा पुढं जायला वाट मिळेना. तोफ मागून ओरडली, "सरका की!" आणि वाट झाली. माईक तिच्या कपाळाएवढा उंच होता. कुणी खाली केला नाही. तिनं मान वर करून बोलायला सुरुवात केली.

"बाई, बांध उघडा नाही. काल संध्याकाळी मिटवला."

ठेकेदार खुर्चीत पुढं सरकला.

"कुणी मिटवला?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"आम्ही. दहा घरांनी. परवानगी अजून आलेली नाही, त्याचा गुन्हा होत असेल तर तोही लिहून घ्या."

"तुम्ही राज्याच्या दर्जाच्या बाजूनं आहात की विरुद्ध?"

"बाजूनं."

"कारण?"

ठेकेदारानं दिलेला कागद तिच्या कमरेला खोचलेला होता. त्यातलं एक अक्षर तिला आठवत नव्हतं आणि आठवायचंही नव्हतं.

"बाई, मी कचेरीत गेले तर माझ्याकडून फरशी पुसून घेतली. त्याचं मला काही नाही, फरशी घरीही पुसते. पण ज्याला विचारायचं तो तिथं नव्हताच. तो कुठंच नव्हता. फळी बदलायला ज्याला विचारायचं तो चालत जाऊन भेटेल एवढ्यावर असावा. आणि तो चुकला तर पुढच्या खेपेला त्याला घरी बसवता यावं. आत्ताच्या साहेबांना मी घरी कशी बसवणार? ते घरीच आहेत."

शेड खदखदली. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी लिहिणं थांबवून वर बघितलं.

"आणखी एक. आम्हाला बांध घालू नका म्हणून दोघांनी सांगितलं. एक केंद्राचा माणूस, त्याचं समजू शकते, त्याला हुकूम आहे. दुसरा इथलाच. राज्य आलं की तो मंत्री होईल म्हणतात. तर राज्य द्या, पण असं द्या की त्याच्याकडूनही आम्हाला जाब घेता येईल. नुसता साहेब बदलायचा असेल तर आमचे ओटे फुकट गेले."

तिनं नाव घेतलं नाही. गरजही नव्हती. शंभर माना एकाच खुर्चीकडे वळल्या. घड्याळ वाजलं. ती मागं वळली तर समोर आबा. काठी टेकत ते कधी पुढं आले होते कोण जाणे.

"मलाही बोलायचंय. मी विरुद्ध आहे."

"आजोबा, तुमचं नाव यादीत आहे का?"

"यादी हिच्यासाठी होती. मी हिचा सासरा. हिचं सगळं खरं आहे, फक्त शेवट चुकलाय. जाब घेता येईल म्हणते. कसा घेणार? पोलीस त्याचे, कचेरी त्याची, टाकीचं कुलूप त्याचं. वरती एक तरी माणूस असा ठेवा, जो इथं कुणाचा मिंधा नाही. तो काढू नका." त्यांना खोकल्याची उबळ आली. सुनेनं त्यांचा दंड धरला. "सोड गं. बोलतोय मी."

"तुम्ही एकाच घरात राहता?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"एकाच. चूलही एकच आहे. दार तेवढं नाही सध्या."

दोघांचंही म्हणणं लिहून घेतलं गेलं. बाहेर पडताना ठेकेदार थोरलीच्या अगदी जवळून गेला. चेहऱ्यावर तेच हसू होतं. "वहिनी," तो हळूच म्हणाला, "हे महागात पडेल."

"स्वस्तात काय मिळालंय आजवर?" ती म्हणाली, पण तोवर तो पुढं गेला होता. आबांना आधार देते आहे असं दाखवून ती त्यांच्यावरच रेलून चालली.

*

अमावास्येला दुपारी बाराला पाणी चढायला लागलं. सगळी वस्ती बांधावर होती, न आलेली पाच घरंसुद्धा. लाट नव्हती, आवाज नव्हता. राखाडी पाणी फक्त वाढत होतं, खुंटामागून खुंट गिळत. घराचं दार उघाडीत उभं होतं. अजून त्याला कडी तशीच होती.

"गळतंय!" कुणीतरी ओरडलं. नव्या-जुन्या मातीच्या सांध्यातून करंगळीएवढी धार आली. बघता बघता मनगटाएवढी झाली. घुम्यानं आतल्या बाजूनं उडी मारली आणि पाठ धारेला लावून बसला. थोरलीनं वरून माती ओतली, तोफेनं तुडवली, चौकीदारानं काठी फेकून दिली आणि पोत्यात गवत कोंबून खाली दिलं. घुम्याच्या गळ्यापर्यंत चिखल आला. "टाच!" आबा ओरडत होते. "टाच आधी!" थोरली नाचल्यासारखी तुडवत होती. कुणाच्या खांद्याला धरलंय हे तिला कळत नव्हतं. पाणी बांधाच्या माथ्याच्या वीतभर खाली येऊन थांबलं. किती वेळ थांबलं कुणास ठाऊक. मग कडीवर एक ओली रेघ दिसली आणि पाणी हळूहळू तिच्या खाली सरकू लागलं.

पाणी उतरत होतं. घुम्याला चार जणांनी ओढून काढलं तेव्हा त्याची पाठ दगडासारखी गार पडली होती. थोरलीनं आपल्या पदरानं त्याचं तोंड पुसलं, सगळ्यांदेखत.

चार दिवसांनी ठेकेदाराचा माणूस निरोप घेऊन आला. थोरलीचे सोळा वाफे दुसऱ्याला दिले. तिच्या घरानं आता खाडीच्या तोंडाशी असलेले जुने वाफे करायचे. दहा वर्षं पडून राहिलेले, तळ फुटलेले, घरापासून तासाभराची चाल. तोफ शिव्या देत निघालीच होती, थोरलीनं तिला थांबवलं. "हाकललं असतं तर भांडले असते. वाफे दिलेत ना? मीठ तिथंही होतंच."

आणि ती तिघं तिकडं जायला लागली. तळ नव्यानं मळायचा म्हणजे पाणी सोडायचं आणि पायांनी तुडवायचं, दिवसचे दिवस, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. आबांना चालवेना तेव्हा घुम्यानं त्यांना हातगाडीत घातलं. तिथं पोचले की ते उतरायचे आणि सुनेचा खांदा धरून तेही तुडवायचे. समितीनं अहवाल दिल्याची बातमी तिथंच कळली. समितीनं स्वतः काही ठरवलं नव्हतं. राज्य हवं की नको, ते लोकांच्या मतानं ठरावं असं तिचं म्हणणं होतं. वस्तीचं आजवर कुठल्याच यादीत नाव नव्हतं. केंद्राच्या जमिनीवरच्या घरांना क्रमांक नसतात आणि क्रमांक नसला की मतदार नसतो.

एका सकाळी मतदारांची यादी करणारी मुलगी वही घेऊन वाट चुकत चुकत बांधावरून आली. तरुण होती, चपला हातात घेतल्या होत्या.

"घर क्रमांक?"

"नाही."

"मग कसं लिहू? रकाना रिकामा ठेवता येत नाही. तुम्ही कचेरीत जाऊन दाखला..."

"कचेरीत जाणार नाही," थोरली म्हणाली. पाय थांबवले नव्हते. "तुम्ही आलात ना चालत? घर डोळ्यांनी बघितलंत ना वाटेत, बिनओट्याचं? लिहा, मिठागराची वस्ती, घर पहिलं. शेजारचं दुसरं. अशी पंधरा लिहा. क्रमांक कुणीतरी पहिल्यांदा टाकावाच लागतो."

मुलगी वहीकडे बघत राहिली. तुडवण्याचा पचपच आवाज चालू होता. मग तिनं बांधावर बैठक मारली, वही मांडीवर घेतली आणि लिहिलं. एक.

"माझंही लिहा," आबा म्हणाले. "मी विरुद्ध आहे."

"ते इथं लिहायचं नसतं, आजोबा. इथं फक्त नाव. ते त्या दिवशी, पेटीत."

"कुणाला दिसणार नाही?"

"कुणालाच नाही."

"ठेकेदारालाही?"

"नाही."

"राजधानीलाही?"

"नाही हो आजोबा."

आबांनी पाय थांबवले. चिखल त्यांच्या पिंढऱ्यांवर वाळून तडकला होता. "मग हिलाही सांगणार नाही काय टाकलं ते," ते म्हणाले. "बसू दे विचार करत."

थोरली हसली. तिनं त्यांचा हात आपल्या खांद्यावर नीट बसवला आणि दोघांनी पुढचा कोपरा तुडवायला घेतला.